घोडा, चिलखत आणि जामीनदार

बी.कॉम. झालेल्या माणसानं काय वाचावं याविषयी समाजाच्या कल्पना ठाम आहेत. त्यानं शेअरबाजाराचे भाव वाचावेत, अर्थसंकल्पाच्या दिवशी प्राप्तिकराचे टप्पे वाचावेत आणि एरवी कोणी लग्नपत्रिका आणून दिली तर ती वाचावी. कादंबरी वाचायचीच झाली तर निदान खुनाची असावी; म्हणजे शेवटी हिशोब तरी लागतो. त्यामुळे बँकेत डबा खाताना माझ्या पिशवीतून सर वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' बाहेर पडली, की ताळेबंदात कविता सापडावी तसे भाव शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर उमटतात.

"कसलं पुस्तक हो?" हेडकॅशियर विचारतात.

"ऐतिहासिक. अद्भुतरम्य. बाराव्या शतकातलं इंग्लंड. सरदार, किल्ले, घोडे..."

"घोडे? तुमचा आणि घोड्याचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या घराण्याचा घोड्याशी संबंध वरातीपुरता. तोही भाड्याचा, आणि लगाम शेवटपर्यंत घोडेवाल्याच्या हातात. तलवार म्हणाल तर सुरी लागली तरी आम्ही हळद शोधत सुटतो. पण माझं म्हणणं असं, की या कादंबरीतली लढाई हा वरवरचा मामला आहे. आत डोकावलं तर ती सगळी आपल्याच धंद्याची गोष्ट आहे. कर्ज, तारण, जामीन, परतफेड आणि पत. विशेषतः पत. मराठीत हा फार सोयीचा शब्द आहे. बाजारातला विश्वास म्हणजेही पत आणि माणसाची अब्रू म्हणजेही पतच. इंग्रजांनी यासाठी दोन खाती उघडली. आपण एकातच भागवलं.

मुळात हा स्कॉट आपल्यातला माणूस. लोक त्याला 'सर' म्हणतात, पण नोकरीनं तो क्लार्क होता. 1806पासून एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयात प्रिन्सिपल क्लार्क. दिवसा कोर्टाचे कागद आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या. त्या कादंबऱ्याही निनावी! ही आमची मंडळी कथास्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस आलं तरी नोटीसबोर्डावर लावतात आणि हा गृहस्थ सगळं युरोप वेडं करून 1827पर्यंत जाहीरपणे 'तो मी नव्हेच' म्हणत बसला. 'आयव्हॅन्हो' आली डिसेंबर 1819मध्ये. त्या वर्षी त्याला पोटदुखीनं इतकं छळलं होतं, की कादंबरीचा बराचसा भाग त्यानं कण्हत कण्हत दुसऱ्यांकडून लिहून घेतला. पोट दुखत असताना आम्ही रजेचा अर्जसुद्धा धड लिहीत नाही.

आपल्याकडेही स्कॉटची उधारी आहे. गुंजीकरांचं 'मोचनगड' 1871चं, आणि त्यानंतर हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरी घराघरांत नेली. हरिभाऊ स्कॉटचे चांगले वाचक. भुयारं, वेषांतर, ऐन वेळी पोचणारा स्वार ही सामग्री आपल्या कादंबरीत दिसली, की मला सह्याद्रीच्या मागे कुठेतरी स्कॉटलंडचे डोंगर दिसू लागतात. माल आपला, माणसं आपली, फक्त सुरुवातीचं भांडवल थोडं बाहेरचं.

तर गोष्ट अशी. साल 1194च्या आसपास. राजा रिचर्ड धर्मयुद्धाहून परतताना कैदेत पडलेला, त्याचा भाऊ जॉन गादीवर डोळा ठेवून. नॉर्मन राज्यकर्ते, सॅक्सन रयत. सेड्रिक नावाचा एक जुना सॅक्सन जमीनदार. त्याचा मुलगा विल्फ्रेड ऑफ आयव्हॅन्हो हा रिचर्डबरोबर युद्धाला गेला म्हणून, आणि बापाच्या पालकत्वाखालच्या रोवेनावर प्रेम केलं म्हणून, बापानं त्याला घराबाहेर काढलेलं. यातल्या 'सेड्रिक' या नावाचीही गंमत आहे. इतिहासात नाव आहे सेर्डिक. स्कॉटच्या हातून 'र' आणि 'ड' यांची अदलाबदल झाली असावी असं जाणकार म्हणतात, आणि त्यानंतर जगात मुलांची नावं चक्क सेड्रिक ठेवली जाऊ लागली. आमच्याकडे खातेदाराच्या नावातलं एक अक्षर मागेपुढे झालं तर प्रतिज्ञापत्र लागतं.

पहिल्याच प्रकरणात डुकरं राखणारा गर्थ आणि विदूषक वाम्बा गप्पा मारत बसलेत. वाम्बा म्हणतो, जनावर जिवंत आहे, चारायचं आहे, राखायचं आहे, तोवर त्याचं नाव सॅक्सन. तेच शिजून सरदाराच्या ताटात गेलं, की नाव फ्रेंच. कष्टाचा शब्द आमचा, खायचा शब्द त्यांचा. हे वाचल्यापासून मी बँकेची भाषा नव्यानं ऐकू लागलो. जाहिरातीत हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली असतं ते 'लोन'. हप्ता चुकल्यावर नोटिशीत येतं ते 'कर्ज'. वस्तू एकच. फक्त ताट फिरलेलं.

आता नायक. नावावरून कादंबरी ओळखली जाते म्हणून हा गृहस्थ पानोपानी पराक्रम करत असेल अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. ॲश्बीच्या स्पर्धेत दोन दिवस तो खरंच बहादुरी दाखवतो, दुसऱ्या दिवशी जखमी होतो, आणि त्यानंतर कितीतरी प्रकरणं वैद्यकीय रजेवर आहे. कादंबरीतली सगळ्यात मोठी लढाई, टॉर्किलस्टनच्या किल्ल्याची, चालू असताना नायक अंथरुणावर पडलेला असतो. खिडकीशी ढाल धरून उभी राहते ती रिबेका, यॉर्कच्या ज्यू सावकाराची मुलगी. बाहेर काय चाललंय ते ती त्याला सांगते आणि हा पडल्या पडल्या विचारतो, आता कोण पुढे आलं, आता कोण पडलं? आम्ही लहानपणी रेडिओला कान लावून क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकत असू, त्यातला आणि यातला फरक एवढाच, की आमच्या निवेदकाला बाण लागायची भीती नसे.

माझा जीव या पुस्तकात अडकला तो मात्र एका कर्जप्रकरणामुळे.

प्रकरण असं. पावसाळी रात्री सेड्रिकच्या दिवाणखान्यात पंगत बसलीय. रिबेकाचा बाप आयझॅक भिजून, गारठून दारात येतो. ज्यू म्हणून कोणी त्याला जागा देत नाही. शेकोटीजवळचा एक यात्रेकरू मात्र उठतो आणि आपली जागा त्याला देतो. हा यात्रेकरू म्हणजे वेषांतर केलेला आयव्हॅन्हो. त्याच पंगतीला ब्वा-गिल्बेर नावाचा टेंप्लर सरदार आहे. टेंप्लर म्हणजे लढणाऱ्या संन्याशांचा पंथ. तो आपल्या गुलामांना परक्या भाषेत हुकूम देतो, की उद्या या म्हाताऱ्याला वाटेत धरा. यात्रेकरूला ती भाषा कळते. पहाटे तो आयझॅकला उठवून सुखरूप बाहेर काढतो.

वाटेत आयझॅक म्हणतो, तुला घोडा आणि चिलखत पाहिजे. त्यानं कसं ओळखलं? तर पहाटेच्या गडबडीत यात्रेकरूच्या झग्याआड सरदाराची साखळी आणि सोन्याच्या टाचा त्याला दिसल्या होत्या. याला म्हणतात केवायसी! नाव नाही, पत्ता नाही, बापानं हाकललेला. असल्या इसमाला आयझॅक लेस्टरमधल्या एका ओळखीच्या माणसाच्या नावे चिठ्ठी देतो. त्याच्याकडे सहा मिलानी चिलखतं आहेत, दहा घोडे आहेत. हवं ते उचल. वर स्पर्धेचा नियम असा, की हरणाऱ्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं. म्हणजे कर्जदार पडला, की तारणही गेलं. आयव्हॅन्हो हे स्वतः बोलून दाखवतो. आयझॅकच्या पोटात गोळा येतो, पण चिठ्ठी तो परत घेत नाही.

आमच्या कर्ज विभागात हा अर्ज आला असता तर दारावरच्या सुरक्षारक्षकानंच परत पाठवला असता.

आयव्हॅन्हो जिंकतो. त्याच रात्री गर्थच्या हाती पैसे पाठवतो. ऐंशी मोहरा ठरतात. आयझॅक एकेक वाजवून मोजतो. ऐंशीवी मोहर हातात आल्यावर क्षणभर त्याच्या मनात येतं, ही या गड्याला बक्षीस द्यावी. पण मोहर नवीकोरी, वजनाला थोडी जास्तच. देववत नाही. आपलं लक्षच नाही असं दाखवून तो ती पिशवीत सोडतो. मी काउंटरवर आयुष्य काढलंय. नवीकोरी नोट हातावेगळी करताना बोटं कशी रेंगाळतात ते मला माहीत आहे. त्या काळच्या लेखकांप्रमाणे स्कॉटनंही ज्यू सावकाराची थट्टा करायची संधी सोडलेली नाही, आणि काही ठिकाणी ती आज वाचवत नाही. पण इथे माणूस खरा आहे. जीव वाचवणाऱ्याला अख्खा घोडा तो मनापासून देतो आणि एक मोहर मात्र देववत नाही. मोठं औदार्य जमतं हो माणसाला. चिल्लर अवघड जाते.

गर्थ जिना उतरतो तर अंधारात रिबेका उभी. त्याच्या हातात ती शंभर मोहरांची पिशवी ठेवते. ऐंशी तुझ्या मालकाला परत, वीस तुला. बापाला पत्ता नाही. कर्ज फिटलं, पावती झाली, आणि सावकाराच्या घरूनच मुद्दल परत!

हे सगळं मौजेचं वाटतं, पण स्कॉटनं आयझॅकला यॉर्कचा रहिवासी केलंय, आणि यॉर्क म्हटलं की इतिहास मौजेचा राहत नाही. मार्च 1190मध्ये, म्हणजे कादंबरीच्या काळाच्या चारच वर्षं आधी, यॉर्कमधल्या ज्यूंनी जमावाच्या भीतीनं तिथल्या किल्ल्यात आसरा घेतला होता. सुमारे दीडशे जण तिथे मेले. कित्येकांनी शरण जाण्यापेक्षा आपल्याच हातानं मरण पत्करलं. नंतर जमाव कुठे गेला? थेट तिथल्या मोठ्या चर्चमध्ये. तिथे कर्जरोखे ठेवलेले होते. ते बाहेर काढले आणि जाळले. धर्मासाठी पेटलेल्या लोकांना आपापल्या कर्जाचे कागद नेमके कुठे आहेत हे चांगलं ठाऊक होतं.

सरकारला यातून काय बोध झाला? माणसं मेली हे वाईट झालंच, पण कागद जळले तर सावकारांकडून येणारा करही बुडतो. म्हणून 1194मध्ये, नेमक्या आमच्या कादंबरीच्या वर्षी, हुकूम निघाला. यापुढे कर्जाचा कागद दोन प्रतींत करायचा. एक सावकाराजवळ, दुसरी सरकारी पेटीत. पेटीला तीन कुलपं. एक किल्ली दोन ख्रिस्ती गृहस्थांकडे, एक दोन ज्यूंकडे आणि तिसरी सरकारी क्लार्ककडे. हे वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि त्यातला एक उशिरा आला, की बाहेर रांग लागते. ही परंपरा मी आजवर हेड ऑफिसची समजत होतो. एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांनी एकत्र काम कसं करावं याचं उत्तर माणसानं आठशे वर्षांपूर्वी काढलं: कुलपं वाढवा.

आता खटला. टॉर्किलस्टनच्या धामधुमीत ब्वा-गिल्बेर रिबेकाला पळवून टेंप्लरांच्या मठात आणतो. त्याचं तिच्यावर मन बसलंय. याआधी किल्ल्यात त्यानं जबरदस्तीचा विचार केला तेव्हा ती बुरुजाच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली होती. पुढे पाऊल टाकलंस तर खाली उडी. तो मागे सरला होता. मठात नेमका पंथाचा सर्वोच्च अधिकारी, ग्रँडमास्टर ब्यूमॅन्वार, अचानक तपासणीला आलेला. त्याला हा प्रकार कळतो. आपला इतका शूर सरदार एका ज्यू मुलीच्या नादी लागेल कसा? अर्थात चेटूक! मुलीवर खटला.

हा ब्यूमॅन्वार मला या पुस्तकातला सगळ्यात भीतिदायक माणूस वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. लाच खात नाही, वशिला चालवत नाही, स्वतः उपाशी राहून उपास पाळतो. टेंप्लरांनी सिंहाखेरीज कशाची शिकार करू नये असा पंथाचा नियम होता. इंग्लंडात सिंह नाहीत, तरी तो नियम त्याला पाठ. लबाड अधिकाऱ्याला निदान काहीतरी हवं असतं, म्हणून त्याच्याशी बोलणं होऊ शकतं. ब्यूमॅन्वारला काहीच नको असतं. त्याच्याजवळ नियम आहे आणि समोर माणूस उभं आहे. त्याला फक्त नियम दिसतो. यातला विनोद असा, की सावकाराच्या लेकीचा न्याय करायला बसलेला हा पंथ स्वतः युरोपातली एक मोठी बँक होता. लंडनच्या आणि पॅरिसच्या टेंपलमध्ये राजेलोक आपला खजिना ठेवायला देत.

पुरावा काय येतो? एक शिपाई सांगतो, हिनं मंत्र पुटपुटत जखमेतून बाणाचं टोक काढलं. दुसरा सांगतो, ही पांढरा हंस होऊन किल्ल्याभोवती तीन फेऱ्या घालून आली. आणि मग उभा राहतो हिग. गरीब, अपंग शेतकरी. हातपाय धरून अंथरुणाला खिळला होता. रिबेकाच्या औषधानं कुबड्यांवर का होईना, चालू लागलाय. तो बिचारा खरं तेच सांगतो, हिनं मला बरं केलं. आणि तेच तिच्याविरुद्ध धरलं जातं. ज्यू मुलीच्या औषधानं गुण येतो म्हणजे चेटूक नाही तर काय?

असा ब्यूमॅन्वार मी पाहिलेला आहे. एका बँकेत (कुठल्या ते विचारू नका) एक आजी पेन्शन काढायला आल्या होत्या. जन्मभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, नाही. पुसून ठेवला, नाही. तेल लावून ठेवला, तरी नाही. टेबलामागचा अधिकारी निर्मळ माणूस. चिडला नाही, ओरडला नाही. "आजी, मशीन घेत नाही, मी काय करणार?" एवढंच म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. आजींनी अंगठा उलटसुलट करून पाहिला, जणू चूक त्याचीच. तेवढ्यात दारावरचा सुरक्षारक्षक पुढे आला. निवृत्त फौजी. म्हणाला, "साहेब, पैसे काढायच्या कागदावर शाईचा अंगठा घेऊन साक्षीदार चालतात ना?" चालतात. नियमातच आहे. फक्त साक्षीदार बँकेच्या ओळखीचे पाहिजेत. तो उन्हात बाहेर गेला आणि समोरचा चहावाला आणि चपला दुरुस्त करणारा, दोघांना घेऊन आला. दोघांनी सह्या केल्या. आजींना पैसे मिळाले. चहावाल्याचं दूध तेवढ्यात उतू गेलं.

हे मनात ठेवून पुन्हा रिबेकाकडे चला. तिला सुटायची एक वाट दाखवली जाते: आपला धर्म सोड आणि मठात जाऊन रहा. ती नाही म्हणते. मग ती हातमोजा काढून टाकते. त्या काळच्या कायद्यानं आरोपी द्वंद्वयुद्ध मागू शकतो. तिच्या बाजूनं कोणी लढला आणि जिंकला, तर देवानं कौल दिला असं समजायचं. आपल्याकडे याची भावंडं होती, दिव्य म्हणत. मराठेशाहीत कढत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहर लावायची आणि काही दिवसांनी हात पाहायचा. आपण हसतो, पण लंडनमध्ये 1817 साली अब्राहम थॉर्नटन नावाच्या धिप्पाड आरोपीनं भर न्यायालयात हातमोजा टाकला होता. मेरी ॲशफर्ड नावाच्या मुलीच्या खुनातून तो सुटला होता. तिच्या भावानं पुन्हा खटला भरला, तर हा म्हणाला, चल, लढ. कायद्यात तशी सोय होती आणि कोणी ती काढायची तसदी घेतली नव्हती! न्यायाधीशांनी 1818मध्ये सोय मान्य केली. भाऊ अंगानं किरकोळ. तो लढला नाही. थॉर्नटन घरी गेला. 1819मध्ये संसदेनं तो कायदा रद्द केला आणि त्याच वर्षअखेरीला 'आयव्हॅन्हो' दुकानात आली. कायद्याचा क्लार्क असलेल्या स्कॉटला न्यायाची ही पद्धत किती भरवशाची, हे वेगळं सांगायला नको होतं.

आता प्रश्न, रिबेकाचा निरोप बापाकडे नेणार कोण? सभा गच्च भरलेली. सगळे खाली पाहतायत. ती चिठ्ठी धरून उभी आहे. आणि पुढे येतो तो हिग. मी पांगळा आहे, पण हलतो-चालतो ते हिच्यामुळे, मी जाईन. ज्याची साक्ष तिच्या गळ्याचा फास झाली, तोच कुबड्या सावरत निघतो.

या ठिकाणी मी दर वेळी पुस्तक मिटून बोट आत ठेवतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. दमलेल्या घोड्यावरून, जखमा पुरत्या न भरलेला आयव्हॅन्हो ऐन घटकेला पोचतो. टक्कर होते, घोड्यासकट तोच कोसळतो. ब्वा-गिल्बेरला भाला जेमतेम चाटून जातो, आणि तरी तो खोगिरावर डोलतो, पडतो आणि मरतो. कोणाच्या शस्त्रानं नाही. स्वतःच्याच मनातल्या ओढाताणीनं. ग्रँडमास्टर जाहीर करतो, देवाचा न्याय झाला. कर्णे वाजतात. पण जमाखर्च नीट तपासला तर न्याय त्या घोड्यावर आलाच नव्हता. तो कधीच येऊन गेला होता, कुबड्यांवर. शेकोटीजवळची एक जागा, तिच्या बदल्यात एक घोडा, औषधाची एक डबी, तिच्या बदल्यात चिठ्ठी नेणारे दोन पांगळे पाय. यातल्या एकाही व्यवहाराला जामीनदार नव्हता. श्रद्धा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आमच्या घरी ही कादंबरी मटार सोलता सोलता सांगून झालेली आहे. शेवट ऐकल्यावर सौभाग्यवतींचे हात थांबले.

"म्हणजे लग्न त्या रोवेनाशी?"

"हो."

"आणि खिडकीत ढाल धरून उभी राहिली ती?"

"ती बापाबरोबर स्पेनला जाते. रोवेनाला आपले दागिने देते आणि जन्मभर आजाऱ्यांची सेवा करायची ठरवते."

"अहो, हा काय न्याय झाला?"

ही तक्रार दोनशे वर्षांची आहे. थॅकरेला ती इतकी पटली, की त्यानं 1850मध्ये आपल्या खर्चानं पुढचा भाग लिहून दोघांचं लग्न लावून टाकलं. स्कॉटनं मात्र 1830च्या प्रस्तावनेत सांगितलं, की सद्गुणाची किंमत ऐहिक सुखानं चुकती होते असं तरुण वाचकांना शिकवणं बरं नव्हे. शिवाय त्या काळात असं लग्न झालंच नसतं. मला वाटतं त्याला आणखीही काही दिसत होतं. न्यायालयानं सोडलं म्हणून देशानं जवळ केलं असं होत नाही. रोवेना तिला राहा म्हणते, पण तिच्या मनात आहे ते धर्म बदलून राहणं. रिबेका हसून नाही म्हणते आणि ग्रॅनडाची वाट धरते. तिथला राजा म्हणून स्कॉटनं बोआब्दिलचं नाव दिलंय; तो अडीचशेहून अधिक वर्षांनी जन्मायचा होता. तारखेत गफलत असेल, पण दिशा बरोबर होती. 1290मध्ये इंग्लंडच्या राजानं तमाम ज्यूंना देशाबाहेर काढलं.

तरुण वाचकांबाबत इतका कडक असलेला स्कॉट मित्रांबाबत मात्र मऊ. ॲथेलस्टेन नावाचा एक सुस्त, खादाड सॅक्सन राजपुत्र त्यानं कादंबरीत मारला, तर छापखानेवाला मित्र इतका हळहळला, की स्कॉटनं त्याला स्वतःच्याच उत्तरकार्याच्या वेळी जिवंत करून आणला! ही कबुली त्यानं स्वतः तळटीपेत दिलीय. नियतीचा हिशोब बघा. याच छापखान्यात स्कॉटची भागीदारी होती आणि जानेवारी 1826मध्ये छापखाना आणि प्रकाशक दोन्ही बुडाले. स्कॉटच्या डोक्यावर एक लाख वीस हजार पौंडांहून जास्त कर्ज आलं. वय 54. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं. त्यानं ते नाकारलं. धनकोंना सांगितलं, मला वेळ द्या, मी लिहून फेडतो. आणि लिहीत बसला. 1832मध्ये मेला तोवर झटके येऊन हात चालेनासा झाला होता. कर्जाचा मोठा भाग फिटला होता; राहिलेलं त्याच्या पुस्तकांच्या उत्पन्नातून पुढे पै न पै चुकतं झालं. आयव्हॅन्होनं घोडा परत केला ही कल्पना होती. हे मात्र खात्यावर नोंदलेलं आहे.

बुडाल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच त्यानं टोपणनावानं आणखी एक काम केलं. स्कॉटलंडच्या बँकांच्या एक पौंडाच्या नोटा बंद करायचा लंडनच्या सरकारचा घाट होता. स्कॉटनं वर्तमानपत्रात अशी काही पत्रं लिहिली, की सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणून बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आजही त्याचा चेहरा असतो. धारकाला मागताक्षणी पैसे देण्याचं वचन छापलेल्या कागदावर, कर्ज फेडता फेडता मेलेल्या माणसाचा चेहरा! बँकेत काम करणाऱ्याला याहून समाधान देणारी गोष्ट मला ठाऊक नाही.

मी हे मोठ्या उमाळ्यानं सौभाग्यवतींना सांगितलं. त्यांनी मटारची शेवटची शेंग फोडली, दाणे वाडग्यात टाकले.

"स्कॉटचा चेहरा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मी असते तर दुसराच छापला असता."

"रिबेकाचा?"

"छे! ती स्पेनला गेली ना? त्या हिगचा. कुबड्यांसकट."